एका गुन्ह्याचा एकच मार

पनागरच्या भाजीमंडीत त्या जानेवारीच्या सकाळी जे झालं, त्यात बंडू गद्रेचा दोष म्हणाल तर एवढाच, की ब्रेक समजून त्यानं जो दाबला तो ब्रेक नव्हता. गाडी उलटी घेताना माणूस मागं बघतो. बंडू स्वतःच्या पायांकडे बघत होता. भलता पाय भलतीकडे पडू नये याची त्याला फार काळजी होती, आणि त्या काळजीनंच घात केला.

गाडी जुनी होती, बंडूचं लायसन नवं होतं. चोपन्नाव्या वर्षी, कचेरीतल्या सगळ्यांनी हसून घेतल्यावर, तो गाडी शिकला होता. जबलपुरात जानेवारीत मटार किलोनं नाही, पोत्यानं घरी येतो. घरातली सगळी माणसं टीव्हीसमोर बसून सोलतात आणि फ्रीजमध्ये वर्षभर दुसरं काही ठेवायला जागा राहत नाही. बंडूची बायको रश्मी म्हणाली, "पनागरहून एक पोतं आणा. मटार आणा, पण मला नेऊ नका." शेजारच्या सीटवर बसायला कुणीतरी निधड्या छातीचा माणूस हवा होता. म्हणून बंडूनं दीक्षितपुऱ्यातून गाडी काढली ती थेट कांचघरला, भाऊकाकांच्या दारात.

भाऊकाका म्हणजे भाऊराव पाटोळे. वय एकोणसत्तर. नाक असं, की ते कुठल्या दिशेला आहे हे बघणाऱ्यानं आपलं आपण ठरवावं.

मंडीत धुकं होतं. गाडीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. बंडूनं गाडी उलटी घातली, ती कुत्र्यानं शेपटीवर पाय पडल्यावर घ्यावी तशी उडी घेऊन मागं गेली आणि मटारच्या पोत्यांच्या थप्पीत घुसली. थप्पी उजव्या बाजूला ढासळली. चार पोती बंडूच्या दारावर येऊन टेकली, बाकीची कंछेदीवर. कंछेदी म्हणजे पाठीवर पोती वाहणारा हमाल. त्याच्या पाठीवर एक पोतं आधीच होतं. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. मग कंछेदी ओरडला. ती किंकाळी बंडूला पुढं तीन महिने अंघोळ करताना ऐकू येत होती, का कोण जाणे, अंघोळ करतानाच.

अर्ध्या मिनिटात पन्नास माणसं जमली. पोत्यात अडकवायचे लोखंडी आकडे प्रत्येकाच्या हातात होतेच. ते काही मुद्दाम आणावे लागले नाहीत. बंडूचं दार पोत्यांनी बंद. भाऊकाका डावं दार उघडून खाली उतरले, दार पाठीनं लावून घेतलं आणि त्याला टेकून उभे राहिले.

"कौन चला रहा था?" पुढच्या एकानं विचारलं.

"मैं," भाऊकाका म्हणाले.

उजवीकडे बसलेला ड्रायव्हर डावीकडून आधी कसा उतरला, हा प्रश्न शांत डोक्याच्या माणसाला पडला असता. पण मारायला जमलेल्या गर्दीत शांत डोकं कुणी घेऊन येत नाही. पहिली थप्पड पडली तेव्हा बंडू गिअरच्या दांड्यावरून पलीकडे सरकत होता. एक पाय इकडे, एक तिकडे, आणि तोंडात 'मी होतो' हे दोन शब्द. ते दोन शब्द त्यानं गिळले. इतके नीट गिळले, की त्यांचा आवंढा त्याला स्वतःलाच ऐकू आला.

एकानं आकडा उचलला. दुसऱ्यानं त्याचा हात धरला. "हाथ से, बड्डे, हाथ से. बुजुर्ग हैं." बड्डे म्हणजे इकडचं दादा. तर मारायचं नक्की होतं, फक्त वयाचा मान ठेवून. मग हातांनी सुरू झालं. कानावर, कानशिलावर, मानेवर. कुणीतरी कमरेत लाथ घातली, कुणीतरी भुवईवर बुक्की मारली, ती फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. भाऊकाकांनी हनुवटी छातीला लावली, कोपरं बरगड्यांवर आणली, पाठ गाडीला दिली. हात वर होते, पण मुठी वळल्या नव्हत्या. काच पुसून बंडूनं बघितलं तेव्हा त्याला फक्त काकांची पाठ दिसत होती आणि प्रत्येक लाथेला ती पाठ काचेवर थडकत होती. धप्. धप्. बंडूच्या नाकापासून चार बोटांवर.

एवढ्यात कुणीतरी दुसऱ्या बाजूनं वाकून आत बघितलं. "और तुम कौन?"

"मैं तो..." बंडू म्हणाला, "मैं तो लिफ्ट लिया हूँ, भैया."

मार थांबला तो दयेनं नाही. चोवीसेक वर्षांचा एक धिप्पाड हमाल पुढं आला, त्यानं मूठ वळली आणि मागं नेली. भाऊकाकांनी एका उघड्या डोळ्यानं ती मूठ बघितली आणि आयुष्यभराची सवय तोंडातून बाहेर पडली.

"अंगूठा बाहर रख, बेटा. अंदर रखेगा तो टूट जाएगा."

तो ऐकेना. मूठ आली. भाऊकाकांनी कपाळ पुढं केलं, कारण कपाळाचं हाड सगळ्यात जाड असतं. कट्कन आवाज झाला, आणि तो हमाल अंगठा मांड्यांमध्ये धरून खाली बसला.

"बोला था ना," भाऊकाका म्हणाले. मग गळ्यातला मफलर काढला, त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि त्याचा अंगठा बांधायला लागले. स्वतःच्या भुवईतलं रक्त त्याच मफलरवर गळत होतं. मारणाऱ्यांची पंचाईत झाली. जो आपल्याच माणसाला मलमपट्टी करतोय त्याला मारायचं कसं? कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी कंछेदीला टेंपोत घातलं. गर्दी हळूहळू आपापल्या मटाराकडे गेली.

गाडी जबलपूरपर्यंत भाऊकाकांनीच चालवली. एका डोळ्यानं. बंडूच्या मांडीवर कुणीतरी ठेवलेलं मटाराचं पोतं होतं.

*

आता भाऊकाकांचा धंदा सांगायला हवा, नाहीतर हा माणूस जन्मजात संत होता असं वाटेल. ते तसे नव्हते. जन्मजात ते तापट होते.

त्यांचे आजोबा जालन्याकडून रेल्वेत लागून इकडे आले. घरात मराठी ख्रिस्ती उपासना, बाहेर हिंदी, आणि मैदानावर बॉक्सिंग. विशीतल्या भाऊरावचा उजवा हात कांचघरात प्रसिद्ध होता. बंडूच्या आईचं माहेर त्यांच्या शेजारी होतं. दहा वर्षांच्या बंडूला त्याच्या वडलांनी एकदा मोठ्या आशेनं त्यांच्याकडे सोडलं होतं, "पोरगा जरा टणक करून द्या." भाऊरावनी बंडूच्या हातात ग्लोव्हज घातले, नाड्या बांधल्या आणि नाकावर नुसतं टिचकीएवढं टेकवलं. बंडू जो पळाला तो दीक्षितपुऱ्यापर्यंत पळाला. दाराची कडी ग्लोव्हजमुळे उघडता येईना म्हणून रडत पायरीवर बसून राहिला. त्याचं बॉक्सिंग तिथं सुरू झालं आणि तिथंच संपलं.

भाऊरावांचं तीन वर्षांनी संपलं. कटनीच्या रामविशालबरोबर लढत होती. रामविशालनं आईवरून काहीतरी म्हटलं. घंटा झाली. रामविशालनं हात खाली घेतले आणि आपल्या कोपऱ्याकडे वळला, आणि भाऊरावचा तो प्रसिद्ध उजवा हात घंटेनंतर गेला. सरळ डाव्या डोळ्यात. रामविशाल खाली पडला तेव्हा पहिल्यांदा सगळे टाळ्या वाजवत होते. मग रिंगच्या पांढऱ्या कॅनव्हासवर जे पसरत गेलं ते बघून टाळ्या एकेक करत थांबल्या. डोळा गेला.

त्यानंतर भाऊरावनी कुणालाही मारलं नाही. पण रिंग सोडली नाही. ते दुसऱ्यांना सराव देणारे झाले. म्हणजे दिवसा रेल्वेच्या डब्यांची चाकं ठोकायची आणि संध्याकाळी स्वतःला ठोकून घ्यायचं. पुढं जे खेळाडू घडले ते यांच्या तोंडावर घडले. काम करायची त्यांची एक पद्धत होती. समोरचा मारत असताना ते त्याला तोंडानं चुका सांगत. "उशीर... कोपर उघडं राहिलं... हा चांगला... हा पण चांगला, पण पाय कुठे आहे?" नाकातून रक्त चालू, आणि शिकवणी चालू. दोनदा नाक मोडलं, तीन दात गेले, एकदा जबडा तारेनं बांधला, तेव्हा महिनाभर चुका पाटीवर लिहून दाखवल्या. बायको इंदिराबाई सरकारी दवाखान्यात नर्स. ती म्हणायची, "लग्नात मला सोन्याच्या पाटल्या नाही मिळाल्या, पण टाके घालायचा सराव जन्मभर पुरेल इतका मिळाला."

तीस वर्षं हे चाललं. कांचघरात सगळ्यांना वाटे, काय चिकाटीचा माणूस आहे. इंदिराबाईंना एकट्यांना माहीत होतं, की हा माणूस खेळत नाही, फेडतोय.

आणि हे दुसऱ्या कुणाला कळलं असेल तर त्यांच्या चर्चच्या पाळकांना. पाळक गौतम अमोलिक, अंगानं किरकोळ, चष्मा जाड, पण देवाच्या गोष्टीत कुणाचं ऐकायचे नाहीत. एका रविवारी त्यांनी भाऊकाकांना उपासनेनंतर थांबवून घेतलं. तोंड सुजलेलं होतं, कपाळावर ताजे टाके.

"भाऊराव, तुम्ही काहून मार खाऊन राहिले?"

"धंदा आहे, साहेब."

"धंदा रेल्वेत आहे. हे दुसरंच आहे. तुमच्या पापासाठी प्रभूनं वधस्तंभावर मार खाल्ला की नाही?"

"खाल्ला."

"पुरेसा खाल्ला, की थोडा तुमच्यासाठी शिल्लक ठेवला?"

भाऊकाकांनी कपाळावरचे टाके चाचपले. पाळक म्हणाले, "यज्ञ एकदाच झाला. सगळ्यांसाठी झाला. तुम्ही रोज संध्याकाळी जाऊन म्हणता, नाही, कमी पडला, वरून माझे दोन दात घ्या. हा नम्रपणा नव्हे, भाऊराव. हा गर्व आहे."

असं कुणी बोलल्यावर पूर्वीचे भाऊराव पाळकांना चष्म्यासकट भिंतीला टेकवते. त्यांनी तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची पॅसेंजर पकडून ते कटनीला गेले.

रामविशाल घराच्या अंगणात खाट विणत होता. एका डोळ्यानं विणलेली खाट दुसऱ्या कुठल्याही खाटेसारखीच सरळ होती. भाऊकाका त्याच्यासमोर उभे राहिले, हात पाठीमागं बांधले आणि म्हणाले, "मार."

रामविशाल उठला. त्यानं तीस वर्षं वाट बघितली होती. सगळ्या अंगाचा भार घालून त्यानं एकच ठोसा दिला. भाऊकाका कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन पडले, खुराडं मोडलं, कोंबड्या सैरावैरा झाल्या आणि तोंडातून रक्ताबरोबर एक दात बाहेर पडला. रामविशालनं तो दात उचलला, तळहातावर घेऊन एका डोळ्यानं बराच वेळ बघितला. मग तो रडायला लागला. "इससे क्या होगा, पाटोळे? आँख तो नहीं आई."

मग दोघांनी मिळून कोंबड्या धरल्या. तेवढ्याला दोन तास लागले. जेवायला रामविशालच्या सुनेनं वाढलं. भाऊकाकांना चावता येत नव्हतं म्हणून वरणभात.

त्या दिवसानंतरही ते रिंगमध्ये जात राहिले, पण इंदिराबाई सांगत, की घरी येताना शीळ घालत यायला लागले. मार तोच होता. फक्त आता तो नुसता मार होता.

*

पनागरच्या माराचा तपशील असा: तीन बरगड्या, भुवईवर सात टाके, एक कान पंधरा दिवस बंद. एकोणसत्तराव्या वर्षी हे काही कमी नाही. बंडू रोज जायचा. कधी दूध, कधी संत्री, कधी रश्मीनं केलेली मटार उसळ. त्या उसळीकडे बघून भाऊकाका एकदा म्हणाले, "बंड्या, दुसरं काही आणत जा रे. मटार पाहिला की बरगडी दुखते." कंछेदीच्या पायाचं औषधपाणी बंडूनंच केलं, पण माणूस पाठवून, आणि तेही भाऊकाकांच्या नावानं. पनागरला स्वतः जायची त्याची छाती झाली नाही.

सांगायचं कुणाला? रश्मीला त्यानं सांगितलं होतं, की काका उतरले आणि लोकांनी गैरसमजानं त्यांना धरलं. गैरसमज हा शब्द त्यानं इतक्या वेळा वापरला, की तो झिजून गुळगुळीत झाला. पण इंदिराबाईंपुढे तो चालला नाही. एक दिवस टाके काढत असताना त्या सहज म्हणाल्या, "उलटी गाडी घेताना यांची कधी चूक झाली नाही हो. तुम्ही काय म्हणालात तिथं?"

बंडूनं मान खाली घालून सांगितलं. 'मैं तो लिफ्ट लिया हूँ' हेसुद्धा.

इंदिराबाईंनी चिमट्यातला दोरा वाटीत टाकला. "आमच्या प्रभूचा एक शिष्य होता. प्रभूला पकडलं त्या रात्री तो पण म्हणाला, मी नाही ओळखत. तीनदा म्हणाला. तुम्ही एकदाच. म्हणजे तशी सुधारणा आहे."

"काकू, हसू नका."

"हसू नाही तर काय करू? तुमच्यामुळे टाके, तुमच्यासमोर रडू पण का?"

बंडूला राहवलं नाही. तो उठला, खाटेवर बसलेल्या भाऊकाकांसमोर उभा राहिला, डोळे घट्ट मिटले आणि गाल पुढं केला. "काका, मला एक द्या. जोरात द्या. मला झोप नाही."

थप्पड येईना. बंडूनं एक डोळा उघडला. भाऊकाका त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांचा तो उजवा हात मांडीवर पालथा पडला होता.

"एक्केचाळीस वर्षं झाली," ते म्हणाले, "हा हात कुणावर उचलला नाही. तुझ्या झोपेसाठी उचलू काय?"

"मग मी काय करू?"

"संत्री सोल."

आता, बंडूचा मुद्दाही अगदी टाकाऊ नव्हता. दीक्षितपुऱ्यातला माणूस, लहानपणापासून ऐकत आला, ज्याचं कर्म त्यानं भोगावं. संत्री सोलता सोलता तो म्हणाला, "काका, गुन्हा माझा आणि मार तुम्हाला. हा कुठला न्याय? तुमच्यातही तेच. जगानं पाप करायचं आणि एका निष्पाप माणसाला खिळे ठोकायचे. मला तर हे पहिल्यापासून पटत नाही. देव इतका रागावला होता, तर ज्यांच्यावर रागावला त्यांना मारायचं."

"तिसऱ्याच माणसाला धरून मारलं असतं, तर मलाही नसतं पटलं," भाऊकाका म्हणाले. "मी पण पाळकसाहेबांशी यावर पुष्कळ भांडलो. पण तसं नाही ते. समज, रिंगमध्ये एकानं घंटेनंतर ठोसा मारला. शिक्षा द्यायची कुणी? रेफरीनं. रेफरीनं शर्ट काढला आणि त्या पोराच्या जागी स्वतःच उभा राहिला. म्हणाला, मारा. नियम मोडला नाही आणि पोरगंही मोडलं नाही. आमच्यात ते आहे."

"पण हा न्याय नाही."

"मी कुठं म्हटलं न्याय आहे?"

बंडूनं संत्र्याची फोड स्वतःच खाल्ली. ती आंबट होती.

*

उत्तम शुक्रवारी, ज्याला बाकीचं जबलपूर गुड फ्रायडेची सुटी म्हणतं, भाऊकाकांच्या देवळात बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावर प्रभू सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. यंदा पाळकांनी पहिला उद्गार भाऊकाकांना दिला: मारणाऱ्यांना क्षमा कर, असा. बंडू शेवटच्या बाकावर बसला होता. चपला काढून आला होता, आणि त्या बाहेर एकट्याच्याच आहेत हे बघून आत जरा अवघडला होता.

भाऊकाका बोलायला उभे राहिले. बरगड्यांवर अजून पट्टा होता, म्हणून वाक्यं लहान येत होती.

"मला प्रवचन येत नाही. मार येतो," ते म्हणाले. मंडळी हसली, पाळकांनी चष्मा पुसला. "चाबकात हाडाचे तुकडे बांधत. एका फटक्याला पाठीचं सालडं निघे. खिळा तळहाताच्या वर, मनगटात ठोकत, नाहीतर भारानं हात फाटतो. मी मारातला माणूस आहे म्हणून मला हे वाचून झोप येत नाही. पण एक सांगतो. ज्याला मारता येत नाही तो मार खातो, ते त्याचं नशीब. ज्याला मारता येतं, आणि तो हात उघडे ठेवतो, ते दुसरं काही. त्यानं नुसतं वर बघितलं असतं तर देवदूतांची पलटण उतरली असती. त्यानं नाही बघितलं. आणि खाता खाता मारणाऱ्यांची काळजी केली. एवढंच."

ते खाली बसले. उरलेले सहा उद्गार बंडूला ऐकू आले नाहीत. तो गाडीची काच बघत होता, पांढरी, आणि त्या काचेवर थडकणारी पाठ. काका हात उघडे ठेवून उभे होते. चार जणांना झोपवू शकणारे हात.

शनिवारी सकाळी बंडू एकटा पनागरला गेला. बसनं. मटार संपला होता, मंडीत आता कलिंगडं होती. कंछेदी काठी घेऊन एका पोत्यावर बसला होता, पाय सरळ पुढं. शेजारी त्याची बायको कलिंगडं रचत होती. अंगठ्याचा तो धिप्पाड हमालही तिथंच होता, अंगठा जरा वाकडा बसलेला.

बंडूनं हात जोडले आणि मोठ्यानं, मंडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "उस दिन गाड़ी मैं चला रहा था. वो नहीं. मैं. मुझे मारो."

आठ-दहा माणसं जमली, पण तोंडावर कुणाच्या राग दिसेना. हमालांनी एकमेकांकडे बघितलं.

"काय बड्डे, पागल हो क्या?" तो अंगठेवाला म्हणाला. "उसकी पिटाई तो हो गई."

"पर गलत आदमी की हुई."

"तो? एक जुर्म की दो बार थोड़ी होती है. जो पड़नी थी, पड़ गई. चाय पियोगे?"

बंडू अडून बसला. त्यानं खरंच सांगितलं, विनवलं, एकाचा हात धरून आपल्या गालापर्यंत नेला. त्यानं हात सोडवून घेतला आणि गिऱ्हाइकाकडे गेला. कंछेदी म्हणाला, "भैया, पैर जुड़ गया. वो बाबा हर इतवार फोन करके पूछते हैं. आप काय खों परेशान हो रए?"

मग कंछेदीची बायको उठली. हातातलं कलिंगड तिनं नीट खाली ठेवलं, हात पदराला पुसला आणि बंडूच्या कानाखाली अशी काही ओढली, की मंडीतल्या कावळ्यांनी झाड सोडलं.

"ये पैर की नहीं है," ती म्हणाली. "पैर की हो गई. ये उन बुजुर्ग की है, जिनको पिटवा के तुम गाड़ी में बैठे रहे."

बंडूनं हे वाक्य अर्धंच ऐकलं. तो कलिंगडांवर पडला होता. दोन फुटली, तिसरं त्याच्या डोक्याखाली घरंगळत आलं. त्याला वाटलं, डोकं फुटलं, रक्त आलं. आणि कानापाशी तो लाल ओलावा बघून त्याची शुद्ध गेली. डोळे उघडले तेव्हा तो अंगठेवाला त्याच्या तोंडावर पाणी मारत होता आणि कंछेदी सांगत होता, "खून नहीं है भैया, तरबूज है." ती बाई चहा घेऊन उभी होती. साखर जास्त घातली होती.

*

रविवारी पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर. बंडू पोचला तेव्हा कांचघरात इंदिराबाईंच्या स्वयंपाकघरातून रश्शाचा वास येत होता आणि भाऊकाका व्हरांड्यात उन्हात बसले होते, अंगात नवा सदरा, खाली पट्टा नव्हता. बंडूचा डावा गाल कानापर्यंत निळा होता. पाच बोटं वेगवेगळी मोजता आली असती.

भाऊकाकांनी त्याची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे फिरवलं, धंद्यातल्या माणसाच्या नजरेनं बघितलं.

"उजवा हात. पालथा नाही, सरळ."

"कंछेदीची बायको."

"चांगला आहे. अंगाचा भार घातलाय. पडलास?"

"पडलो."

"शुद्ध?"

"गेली. जरा वेळ. कलिंगडामुळे."

आतून इंदिराबाईंनी भांडं खाली ठेवल्याचा आणि हसू दाबल्याचा आवाज एकदमच आला. बंडू पायरीवर बसला. गाल ठणकत होता. त्याला वाटलं होतं, एक बसली की मोकळं वाटेल, आणि मोकळं वाटतही होतं. पण ते त्या थपडेनं नव्हे, हे त्याला कळत होतं. मंडीवाल्यांनी त्याला मारायला चक्क नकार दिला होता. त्याच्या वाटचं कधीच संपलं होतं, तो गाडीत बसलेला असतानाच, काचेच्या पलीकडे. एक प्रश्न मात्र तीन महिने घशाशी होता, त्या गिळलेल्या दोन शब्दांच्याच जागी.

"काका, एक खरं सांगा. तिथं विचार करायला वेळच नव्हता. दार उघडलं आणि तुम्ही 'मैं' म्हणालात. प्रभू आठवला? रामविशालचा डोळा आठवला? मी तुमचा कोण? काहून खाल्ला माझा मार?"

भाऊकाकांनी त्याच्या गालाकडे पुन्हा एकदा बघितलं.

"अरे, तुला मार खाता येत नाही."